विषय : टेबल फिरवण्याबाबत

"त्या मानवाल्या काकू आल्यात बघ. घरी काडीचा व्यायाम करत नसणार. नुसतं यायचं, शेक घ्यायचा आणि जायचं."

पडद्यापलीकडून हे वाक्य आलं तेव्हा मी पालथी होते आणि फिजिओथेरपीच्या पलंगाला तोंडासाठी जे भोक असतं, त्यात माझं तोंड होतं. भोकातून फक्त फरशी दिसत होती. अशा अवस्थेत अपमान झाला तर माणसाने करायचं काय? ताडकन उठून "काय म्हणालात?" असं विचारावं, तर ताडकन उठता येत नाही म्हणूनच मी तिथे आले होते. शेवटी फरशीकडेच जळजळीत बघून घेतलं.

"काकू" मी सोडून दिलं. "मानवाल्या" हेही सोडून दिलं. कुणी गुडघेवाले असतात, कुणी कंबरवाले असतात. पण "काडीचा व्यायाम करत नसणार"? ज्या बाईने गेले कित्येक आठवडे हनुवटी मागे ओढून ओढून स्वतःला दुसरी हनुवटी आणली, तिला हे ऐकवायचं?

हा हनुवटीचा व्यायाम दिसायला अगदीच वाईट आहे. मान सरळ ठेवायची आणि हनुवटी आत घ्यायची, जणू समोरच्याच्या तोंडाला वास येतोय. दर तासाला करायचा. मी पाण्याच्या बिलांच्या ऑफिसात खिडकीवर बसते. लोक बिलाची तक्रार घेऊन येतात, आणि नेमका तेव्हाच तास भरतो. "मॅडम, आमचं बिल दुप्पट आलंय," असं माणूस काकुळतीला येऊन सांगतोय आणि मी हनुवटी आत घेऊन त्याच्याकडे बघतेय. एक आजोबा म्हणाले, "राहू दे बाई, भरतो," आणि खरंच भरून गेले.

दुसरा व्यायाम भिंतीचा. पाठ, खांदे, डोकं भिंतीला टेकवून उभं राहायचं. तो मी ऑफिसच्या पॅसेजमध्ये करायची, आणि ज्या दिवशी पॅसेजला रंग दिला त्या दिवशीही नेमाने केला. संध्याकाळी घरी आले तर दार उघडणाऱ्या सासूबाई माझ्या पाठीकडे बघून म्हणाल्या, "अगं, भिंत तिथे आहे ना अजून?"

तेव्हा सांगायचं एवढंच, की व्यायामात मी कसूर केली नव्हती. तरी मान उजवीकडे वळत नव्हती, उजवा खांदा कानाशी काहीतरी गुपित बोलायला गेल्यासारखा वर चढलेला होता, आणि आता बोटांना मुंग्या यायला लागल्या होत्या.

पडदा सरकवून ती फिजिओ मुलगी आत आली. माझ्या मुलीच्या वयाची, बोलायला फटकळ, हाताला मात्र गुण असलेली. तिने मला उठवून बसवलं आणि हातात पकड मोजायचा, काटा लावलेला एक रबरी फुगा दिला.

"दाबा."

मी दाबला.

"दाबा की."

"दाबलाय ना!"

ती काट्याकडे बघून गप्प झाली. डॉक्टर लोक गप्प झाले की मला त्यांच्या बोलण्याचीच जास्त आठवण येते.

"काकू, उजव्या हाताची पकड कमी झालीय. मागच्या वेळेपेक्षा कमी. असंच चालू राहिलं ना, तर टेबलावरचं काम सोडावं लागेल तुम्हाला. व्यायाम करत नाही आहात तुम्ही."

"करते!" माझा आवाज इतका चढला की पलीकडच्या पडद्यामागचा गुडघा थांबला. "एकही चुकवत नाही. माझ्या सासूबाईंना विचार. आमच्या ऑफिसच्या भिंतीला विचार!"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "मग तुम्ही बसताच चुकीचं. उद्या काम करताना कुणाला तरी फोटो काढायला सांगा. मुद्दाम सरळ बसू नका."

घरी कळल्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. सासूबाईंनी माझी उशी काढून घेतली. यांनी ती परत दिली आणि खाली आणखी एक दिली. हे स्वतः दिवसभर फोनवर प्रश्नचिन्हासारखे वाकलेले असतात, पण जेवताना मला म्हणणार, "अगं, ताठ बस." वरच्या मजल्यावरचे पुलाचे काका (आयुष्यभर पूल बांधले म्हणून पुलाचे) कागद घेऊनच खाली आले. त्यांनी माझं डोकं, मान आणि खांदे यांचा नकाशा काढला, बाण दाखवले आणि म्हणाले, "वहिनी, भार एका बाजूला जातोय. पुलाचं असं झालं असतं तर मी वाहतूक बंद केली असती."

मी मनाशी ठरवलं. नोकरी सोडायची नाही. घरात मी अगं आहे, ऐकलंस का आहे, आई आहे, वहिनी आहे. मॅडम मी फक्त त्या खिडकीत आहे. ती खिडकी मी मानेपायी सोडणार नव्हते. मान सरळ करून दाखवीनच, मग ती कशाने का होईना.

फोटो काढला आमच्या बातमीदारने. ही माझ्या शेजारच्या टेबलावर बसते आणि ऑफिसात कुणाला शिंक यायच्या आधी हिला कळतं. फिजिओने फोटो बघितला, मोठा केला, आडवा केला.

"काकू, तुमचं धड या खिडकीकडे आणि तोंड डावीकडे. स्क्रीन तिकडे कोपऱ्यात का वळवून ठेवलीय?"

"तशीच आहे ती."

"मग सरळ करा ना. एवढंच तर आहे! समोर घ्या, महिन्यात फरक पडेल."

एवढंच तर आहे. किती सोपं असतं बाहेरच्या माणसाला!

माझ्या डाव्या हाताला, जरा मागे, आमच्या साहेबांचं टेबल आहे. स्क्रीन वळवलेली आहे ती त्यांना दिसावी म्हणून. साहेबांच्या टेबलावर त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर आहे, त्यावर पांढरं कव्हर आहे, आणि साहेब रोज सकाळी ते कव्हर स्वतःच्या हाताने झटकतात. कव्हराखालचा कॉम्प्युटर आजवर कुणी चालू झालेला बघितला नाही. कामाची पद्धत अशी, की मी बिल उघडते, साहेब आपल्या जागेवरून मान न वळवता, अगदी सहज नजर गेल्यासारखे माझ्या स्क्रीनकडे बघतात आणि म्हणतात, "जरा वर घ्या बाई… हं… खाली… ठीक." ठीक म्हटलं की त्यांच्या नावाने मंजुरीचं बटण मी दाबते. हे सगळ्या ऑफिसला माहीत आहे, आणि सगळं ऑफिस मूग गिळून बसलेलं आहे.

कारण माणूस तसा आहे. शहराखालचं पाणी त्यांच्या डोक्यात वाहतं. कुठल्या गल्लीखालून कुठला पाइप कुठे वळतो, कुठल्या मीटरला उगाच पळायची सवय आहे, हे त्यांना विचारावं. नळाचा आवाज फोनवर ऐकून ते "वरचा व्हॉल्व्ह बघा" म्हणतात आणि तोच निघतो. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी मी अचानक निघून गेले, तर साहेब स्वतः माझ्या खिडकीवर बसले आणि हाताने पावत्या लिहून दिल्या; रजेचं कुठे बोलले नाहीत. बातमीदारला, शिपायाला, प्रत्येकाला त्यांनी असं कधी ना कधी झाकलंय. ज्याने आपल्याला कधी उघडं पाडलं नाही, त्याला उघडं कोण पाडणार?

तरी मी दुसऱ्या दिवशी धीर करून स्क्रीन सरळ केली. साहेबांना आता तिची फक्त कड दिसत होती. त्यांनी कव्हर झटकलं. पेन उघडून बंद केलं. मी बिल उघडून थांबले, ते थांबले, खिडकीबाहेरची रांग थांबली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकही बिल मंजूर झालं नव्हतं. साहेब बारीकसं खोकले. रागाने नाही हो, एखादं मूल दाराबाहेर उभं राहून "येऊ का?" म्हणायच्या आधी खोकतं ना, तसं. मी स्क्रीन वळवली.

पण मी हार मानणारी नव्हे. त्या रात्री पोळपाटावर वाट्या मांडून मी सगळी भूमिती करून बघितली. सगळं टेबलच पाव भाग फिरवलं तर? मग माझी पाठ साहेबांकडे येईल, स्क्रीन माझ्या अगदी समोर, आणि साहेबांना ती माझ्या खांद्यावरून आरामात दिसेल. माझी मान सरळ, त्यांची मानही खाली नाही. मी इतकी खूश झाले की सासूबाईंनी विचारलं, "वाट्यांशी काय हसतेस?"

आता अडचण अशी, की आमची टेबलं जमिनीला बोल्टने जखडलेली आहेत. कोणे एके काळी एका अधिकाऱ्याने उन्हाच्या मागे मागे टेबल सरकवत नेलं होतं, तेव्हापासून. खालून वायरींचा पाइपही जातो. म्हणून मुख्य ऑफिसात अर्ज करावा लागला: "विषय : टेबल फिरवण्याबाबत." फर्निचर विभागाने विचारलं, किती अंश? मी पाव म्हटलं. त्यांनी विद्युत विभागाकडे पाठवलं. विद्युत विभाग म्हणाला, टेबल फिरवायला आमची हरकत नाही, पण वायर फिरणार नाही. मग फर्निचरवाले स्वतः टेप घेऊन आले, टेबल मोजलं, खोली मोजली, जरा विचार करून मलाही मोजलं, आणि म्हणाले, "मॅडम, कारण पटत नाही. टेबल फिरवायच्या ऐवजी स्क्रीन का नाही फिरवत? हाताने होतंय."

सगळं ऑफिस कामात बुडालं. साहेबांनी त्यांच्या बाजूच्या खिडकीबाहेर एक झाड बघितलं. बाहेर झाड नाही, समोर भिंत आहे.

"डोळ्यांवर उजेड येतो," मी म्हटलं.

"मग पडद्यासाठी अर्ज करा," फर्निचरवाले म्हणाले आणि टेप गुंडाळून गेले.

इकडे बोटांच्या मुंग्या वाढत होत्या. एकदा चहाचा कप हातातून सुटला आणि माझ्याच पायावर फुटला. यांनी खाली बसून काचा वेचल्या. दुसऱ्या दिवशीपासून माझा चहा स्टीलच्या पेल्यात आला. मला त्या पेल्याचा फार राग आला. यांचा नाही, पेल्याचा.

पुलाच्या काकांना मी टेबलाची हकिगत सांगितली, साहेबांचं नाव न घेता. "समजा, एका माणसाला एक वस्तू दिसायला हवी, पण ती त्याच्याकडे वळवता येत नाही," असं सांगितलं. काका म्हणाले, "वहिनी, अवघड वळणावर आम्ही काय लावतो? आरसा!" आणि संध्याकाळी त्यांनी चांगला हातभर आरसा आणून दिला.

आरसा मी माझ्या मागच्या कपाटावर लावला. विचारणाऱ्यांना सांगितलं, मागून कोण येतं ते दिसावं म्हणून. स्क्रीन सरळ केली. पहिलं बिल उघडलं. साहेबांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवरून, पंख्यावरून, सहज फिरत फिरत आरशावर आली. स्थिरावली. "जरा वर घ्या बाई," साहेब म्हणाले. मला वाटलं, आता हनुवटी आत घेऊन नाचावं.

दोन बिलं झाली. तिसऱ्याला साहेब थबकले. डोकं एका बाजूला कललं. मग दुसऱ्या बाजूला. डोळे बारीक झाले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की आरशात आकडे उलटे दिसतात. आम्ही दोघी-तिघी बायका आयुष्यभर आरशासमोर उभ्या राहिलो, पुलाच्या काकांनी आयुष्यभर आरसे लावले, आणि हे एकाच्याही लक्षात येऊ नये! पण साहेब तक्रार तरी कशी करणार? "आकडे उलटे दिसतात" म्हणायचं, तर "कशात?" हा प्रश्न आलाच. ते एवढंच म्हणाले, "आज सिस्टिम जरा विचित्र वाटतेय." बातमीदार म्हणाली, "हो ना साहेब, हवाच तशी आहे."

पण साहेब म्हणजे हार मानणारा माणूस नव्हे. त्या बाबतीत आमचं जमायचं. दुसऱ्या दिवशी ते घरून दाढीचा छोटा आरसा घेऊन आले. मोठ्या आरशाकडे पाठ करून बसले, छोटा आरसा डोळ्यांसमोर धरला आणि त्यात मागचा मोठा आरसा बघायला लागले. उलट्याचं उलटं सुलट! मी मनातल्या मनात त्यांना सलाम केला. दुसऱ्या हातात त्यांनी कंगवा घेतला होता, कुणी बघितलं तर भांग पाडतोय असं वाटावं म्हणून. साहेबांच्या डोक्यावर भांग पडेल एवढा ऐवज आता उरलेला नाही.

आठवडाभर आमचं काम असं चाललं. खांदा वाकवून, मान तिरकी करून साहेब आरशात बघत, "हं… खाली… ठीक" म्हणत. माझी मान थोडी मोकळी व्हायला लागली, आणि साहेबांची धरली. एका सकाळी ते मानेला पट्टा लावूनच आले. "उशी," एवढंच म्हणाले. आम्ही सगळ्यांनी उशांना मनापासून शिव्या दिल्या. मी मात्र दिवसभर त्यांच्याकडे बघू शकले नाही. माझी मान मी उचलून त्यांच्या खांद्यावर ठेवली होती, दुसरं काय!

त्यातच रांगेतल्या कुणीतरी मुख्य ऑफिसला कळवलं, की लोक उन्हात उभे असताना येथील अधिकारी तासन्‌तास आरशात बघून केस विंचरतात. साहेबांना याचा जाब विचारणारा फोन आला. "हो," साहेब म्हणाले. "हो. चूक झाली. पुन्हा नाही." फोन ठेवून त्यांनी कंगवा ड्रॉवरमध्ये टाकला. नटवेपणाचा आळ त्यांनी मुकाट घेतला, पण खरं कारण सांगितलं नाही. मी उठले, आरसा उतरवला आणि स्क्रीन पुन्हा डावीकडे वळवली.

मुख्य ऑफिसात मात्र माझा टेबलाचा अर्ज, साहेबांची मान आणि ती तक्रार अशा तिन्ही गोष्टी एकाच टेबलावर पोचल्या. मुख्य ऑफिस असं आहे, की एक बोल्ट काढायला मागा, ते शिबिर देतात. हुकूम आला: सर्व कर्मचाऱ्यांसाठी बसण्याच्या सवयींचं शिबिर, ऑफिसातच, ज्याच्या त्याच्या टेबलावर. तज्ज्ञ सुचवा. मी हौसेने माझ्या फिजिओचं नाव दिलं. पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर तो ओळखीचा असावा.

शिबिराच्या दिवशी खिडकी बंद ठेवली. फर्निचरवाले टेप घेऊन हजर होते. फिजिओने सगळ्यांकडून हनुवट्या आत घेऊन घेतल्या. सगळं ऑफिस एकाच वेळी एकमेकांना नाकं मुरडतंय असं दिसलं. मग ती टेबलाटेबलाशी जायला लागली. बातमीदारची खुर्ची उंच केली. शिपायाला खुर्चीच नाही हे तिच्या लक्षात आलं, तिने ते फर्निचरवाल्यांना ऐकवलं. मग माझ्याशी आली आणि उभी राहिली.

"काकू, हे काय? परत तिकडे?" तिने स्क्रीन सरळ केली.

मी हळूच वळवली.

तिने सरळ केली.

"मला असंच बरं पडतं गं," मी म्हटलं.

"बरं पडतं? हात द्या." तिने सगळ्यांदेखत तो रबरी फुगा माझ्या हातात दिला. मी दात-ओठ खाऊन दाबला. काटा जागचा हलला न हलल्यासारखा. "बघा. बोटांनी पेन धरता येईनासं झाल्यावर सरळ करणार आहात का? तुम्हाला हात हवाय की नकोय?"

"हवाय," मी म्हटलं.

"मग अडलंय कुठे?"

फर्निचरवाल्यांनी टेप उघडून उगाच हवेतच काहीतरी मोजलं. ती वैतागून साहेबांकडे वळली. "साहेब, तुम्ही तरी सांगा यांना. आणि तुमच्याही मानेला पट्टा आहे की! चला, तुमचंच बघू आधी. रोज काम करता तसे बसा. हे कव्हर काढू?"

मग एकच पळापळ झाली. बातमीदार म्हणाली, "साहेब, तुमचा फोन!" फोन वाजलेला नव्हता. शिपाई चहा घेऊन मध्ये घुसला. मी म्हटलं, "अगं, तो बंद आहे, दुरुस्तीला द्यायचाय, आधी माझंच बघ, मी उद्यापासून सरळ…" पण तिने तोवर कव्हर काढलंसुद्धा होतं. कॉम्प्युटर लखलखीत होता. कीबोर्डवरचं, माउसवरचं कारखान्यातून आलेलं प्लास्टिक जसंच्या तसं होतं.

साहेबांनी तिच्या हातातून कव्हर घेतलं. कोपऱ्याला कोपरा जुळवून त्याची घडी केली, ती टेबलावर ठेवली आणि तळहाताने दाबून सपाट केली. मग मानेचा पट्टा सोडला. त्यांनी माझ्या हातातल्या फुग्याकडे बघितलं.

"स्क्रीन समोर घ्या, बाई," ते म्हणाले. "माझ्यासाठी ती वळवून ठेवू नका. मला कॉम्प्युटर येत नाही."